कोणाच्या सांगण्यावरून

शुक्रवारी सकाळी संगणक केंद्रात प्रिंटरमधून कागदाची पट्टी फाडली आणि चौदा ओळींतली अकरावी ओळ वाचून मी खुर्चीत बसलो. उभा होतो, बसलो, एवढंच झालं. बाहेर जानेवारीचं धुकं होतं, चपराशी हीटरपुढे तळवे शेकत होता, आणि तो म्हणाला, ‘‘काय गुरू, तबियत?’’ मी म्हटलं, ठीक आहे. पंधरा वर्षं त्या केंद्रात काढली, कोणीही काहीही विचारलं की ठीक आहे म्हणायची सवय लागलेली. ही पट्टी मी संचालकांसाठी काढायचो. आमच्या सर्व्हरवर कोणी पान उघडलं की एक ओळ आपोआप पडते: केव्हा आला, कुठल्या यंत्रावरून आला, आणि इथे येण्याआधी कुठल्या पानावर होता. त्या ढिगातून एकेका पानाचे पाहुणे वेगळे काढणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता, कारण संचालकांना अहवालात दाखवायचं होतं की विद्यापीठाच्या पानांवर जगभरातून माणसं येतात. माणसं येत नव्हती. माझ्या पानावर, घरच्या जुन्या वह्या मी टंकून ठेवल्या होत्या तिथे, तर नाहीच. चौदातल्या बारा ओळी माझ्याच यंत्राच्या होत्या, मीच माझं पान उघडून बघत असे, दुकान उघडून गल्ल्यावर बसणाऱ्यानं स्वतःच फळी पुसावी तसा. अकरावी ओळ कॅनडातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या यंत्राची होती. तिकडची गुरुवारची संध्याकाळ, इकडची शुक्रवारची पहाट, तीन वाजून चार मिनिटं. पाहुणा एका शोधयंत्राकडून आला होता. शोधयंत्रात माणूस जे शब्द टाकतो ते त्या ओळीला चिकटून इथपर्यंत येतात, हे टाकणाऱ्याला माहीत नसतं. शब्द चार होते. विश्वेश्वर. करंबेळकर. पंचगंगा. मृत्यू.

विश्वेश्वर करंबेळकर म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, आणि ते मेले नव्हते. काशीत पंचगंगा घाटावरच्या आमच्या खोलीत, तीन रजयांखाली पडून होते. त्यांच्या मरणाची चौकशी कॅनडातून करील अशी जगात एकच व्यक्ती होती, माझी धाकटी बहीण मधुवंती, आणि ती आमच्या हिशेबी त्र्याऐंशी साली मेली होती. म्हणजे मेली नव्हती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना जोसेफ नावाच्या एका संशोधकाशी तिनं लग्न केलं आणि दोघं कॅनडाला निघून गेली. चौथ्या दिवशी अप्पांनी तिचा पिंड पाडला, जिवंतपणी. पाण्यानं भरलेला घट दक्षिणेला तोंड करून पायानं उलथला, आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, नोकरी होती, लहान मूल नव्हतो. अप्पांनी वही माझ्यापुढे सरकवली. ‘‘तुझं वळण चांगलं आहे, तू लिही.’’ मी लिहिलं. मधुवंती, कन्या, मृत. वळण खरंच चांगलं आलं होतं, ते मला अजून आठवतं, आणि त्याची लाज वाटते.

वहीबद्दल सांगायला हवं. आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. महाराष्ट्रातून काशीला येणारी ठरावीक गावं आमच्याकडे उतरत, आणि जो येईल त्याची नोंद आम्ही घ्यायची: नाव, गाव, घराण्यात कोण जन्मलं, कोण गेलं. हे सगळेच उपाध्ये लिहितात. आमच्या वहीत पणजोबांपासून आणखी एक रकाना होता, कोणाच्या सांगण्यावरून. कोणाची ओळख घेऊन आलात, कोणी पाठवलं. अप्पा तो रकाना कधी रिकामा सोडत नसत. यात्रेकरू दमलेला असो, रडत असो, हातात अस्थींचं गाठोडं असो, अप्पा लेखणी वर धरून विचारायचे, कुठून आलात, कोणाच्या सांगण्यावरून? एखादा म्हणायचा, कोणी नाही बुवा, आपला मीच आलो. मग अप्पा लिहायचे, स्वतः. असे फार थोडे. वर्षाकाठी दोनतीन. अप्पा त्यांना जेवायला ठेवून घेत, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी उपाध्येपण केलं नाही, ते चुलतभाऊ वेणीमाधवकडे गेलं, पण या वह्या मला सोडवेनात. अठ्ठ्याण्णव साली केंद्रात इंटरनेट स्थिर झालं तेव्हा मी वह्या टंकून सर्व्हरवर चढवायला घेतल्या, रोमन लिपीत, रोज जेवणाच्या सुट्टीत. चारशे पानं. बोटं चालायची, डोकं दुसरीकडे. शेवटी आमच्या स्वतःच्या घराण्याचं पान आलं तेही टंकलं. आई शरदिनी, मृत, चौऱ्याण्णव. मधुवंती, कन्या, मृत, त्र्याऐंशी. टंकताना मला काही झालं नाही. खरं सांगतो, काहीसुद्धा झालं नाही, पुढची ओळ घेतली.

आणि आता ती येऊन ते वाचून गेली होती. ओळी सगळं सांगत होत्या. शोधयंत्राकडून थेट आमच्या घराण्याचं पान उघडलं, अकरा मिनिटांनी, बाराव्या ओळीत, तेच पान पुन्हा उघडलं, मग काही नाही. आईची ओळ तिनं तिथेच पहिल्यांदा वाचली असणार, कारण आई गेल्याचं तिला कळवणार कोण? तिचं एक पत्र आलं होतं, चौऱ्याऐंशी साली, माझ्या केंद्राच्या पत्त्यावर, मुद्दाम माझ्या नावानं. मी ते न उघडता अप्पांना नेऊन दिलं. अप्पांनी न उघडता गंगेत सोडलं. लिफाफा लगेच बुडला नाही, नावेच्या दोराला अडकून राहिला, आणि मी घाटावर उभा राहून तो कधी बुडतो याची वाट बघितली. आई वर खिडकीत होती, तिला दिसलं असेल की नाही हे मी तिला दहा वर्षांत विचारलं नाही. त्या शुक्रवारी पट्टी घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर हात खिशात जात राहिला. वाचनालयाच्या त्या गावाचं नाव नकाशात शोधलं. समुद्रकाठी होतं. तिथे कुठल्या विचारात ती बसली असेल, गुरुवारी संध्याकाळी, अंगात जाडजूड कोट, शेजारी कोणी परका माणूस वर्तमानपत्र वाचतोय, आणि समोर काचेवर तिच्या थोरल्या भावानं लिहिलेलं तिचं मरण.

कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना वेताच्या टोपल्या टांगतात, त्यात पितरांसाठी दिवे. मधू सात-आठ वर्षांची असताना दोर ओढायला तिला फार आवडायचं. एकदा तिनं अप्पांना विचारलं, एवढे दिवे आहेत, आपल्या आजीला कसं कळणार यातला आपला कुठला? अप्पा हसले होते. अप्पा हसल्याचं मला जे थोडं आठवतं त्यातलं ते एक. ‘‘तिला कळतं,’’ म्हणाले. मधूला पटलं नाही. तिनं खालच्या दगडावर कोळशानं आमचं नाव लिहून ठेवलं, बाण काढून, म्हणजे आजी चुकायला नको. हे मला त्या आठवड्यात जेवताना आठवलं आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो. बायकोनं, लतिकानं, विचारलं काय झालं, मी ठीक आहे म्हटलं. मग तिसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. लतिकानं मधूला कधी पाहिलेलं नव्हतं, आमचं लग्न नंतरचं. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. म्हणाली, ‘‘मग लिहा ना तिथे. मधू, आम्ही आहोत, ये. फोन नंबर टाका.’’ मी म्हटलं, असं उघड्यावर? लोक वाचतात. लतिकानं माझ्याकडे पाहिलं. ‘‘कोण लोक? तुम्हीच तर रोज कुरकुरता की कुत्रंसुद्धा फिरकत नाही म्हणून.’’ माझ्याच पट्ट्या ओरडून सांगत होत्या की त्या पानाला अख्ख्या पृथ्वीवर एकच वाचक आहे. मी म्हटलं, बघतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुढच्या शुक्रवारी, ती पुन्हा आली होती. तेच वाचनालय, तीनच्या सुमारास. पण या वेळी आधीच्या पानाच्या जागी नुसती एक आडवी रेघ होती. रेघ म्हणजे कुणी पाठवलेलं नाही, शोधयंत्र नाही, दुवा नाही. पत्ता कागदावर उतरवून नेला होता आणि हातानं एकेक अक्षर टाकून ती थेट आली होती. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, ‘‘स्वतः.’’ चपराशी म्हणाला, ‘‘काय?’’ त्या संध्याकाळी मी पंचगंगेच्या पायऱ्या चढून अप्पांकडे गेलो. वर मशिदीत अजान चालू होती, धुक्यानं पायऱ्या ओल्या, मी दोनदा थांबलो. अप्पांचं त्या दिवसांत असं झालं होतं की जो येईल त्याला ते यात्रेकरू समजत. दूधवाला, डॉक्टर, मी. मी पलंगापाशी बसलो तशी त्यांनी मान वळवली. ‘‘कुठून आलात?’’ मी म्हटलं, ‘‘अप्पा, मी वासू.’’ ‘‘बरं. कोणाच्या सांगण्यावरून?’’ मी त्यांचा हात धरला, नुसती हाडं होती. म्हटलं, ‘‘अप्पा, मधू आली होती.’’ त्यांच्या घशात कफ घरघरत होता. मी पुन्हा म्हटलं, ‘‘मधू, अप्पा. मागच्या शुक्रवारी. आज पण.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘कोणाच्या सांगण्यावरून?’’ म्हटलं, ‘‘कोणाच्या नाही. स्वतः.’’ अप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘लिहून घे.’’

आता हे कोणालाही पुरलं असतं. मला पुरलं नाही. पायऱ्या उतरताना मी स्वतःला समजावत होतो की ते सगळ्यांनाच लिहून घे म्हणतात, परवा डॉक्टरलासुद्धा म्हणाले, त्यांना कोण मधू आणि कोण कोण काही कळत नाही. म्हणून मी वेणीमाधवदादाला विचारायला गेलो. का गेलो? कारण मला कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. दादा घाटावर छत्रीखाली चौकीवर बसला होता, मफलर गुंडाळून, समोर कुंकवाच्या वाट्या. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाला, ‘‘वासू, वहीत खाडाखोड नसते, तुला ठाऊक आहे. चार गावांची माणसं आपल्यावर विश्वास ठेवतात ते एवढ्यासाठी. तुझ्या त्या डब्यात काय ठेवायचं ते तू बघ. पण जिवंत म्हणून लिहिलंस, आणि उद्या कोणी येऊन विचारलं की मग पिंड कोणाचा पाडला होता, तर उत्तर तू द्यायचं. मी देणार नाही.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘कशी आहे ती?’’ मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, ‘‘बरी असेल,’’ आणि वाट्यांची झाकणं लावायला लागला. घरी येताना मला हलकं वाटलं. दादाच्या बोलण्यात मला माझ्यापुरती वाट सापडली होती: जिवंत म्हणून लिहायचं नाही, पण मृत म्हणूनही ठेवायचं नाही. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी घराण्याचं पान उघडलं, मधूच्या ओळीवर गेलो, आणि ती पुसली. एका कळीचं काम. वरची आईची ओळ खाली माझ्या ओळीला येऊन भिडली, मध्ये काही होतं असं दिसेना. मला बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. डबा उघडला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. वाटलं की तिच्यावरचा एवढा मोठा डाग काढून टाकला, उद्या येईल तेव्हा बघेल, समजेल की भावानं काढला.

शुक्रवारी पट्टी लांब निघाली. मी उभ्यानंच वाचायला लागलो. ती आली होती, पुन्हा नुसती रेघ, थेट. पान उघडलं. एका मिनिटानं तेच पान पुन्हा मागवलं. पुन्हा. पुन्हा. सात वेळा. जुनी प्रत अडकली असेल, नीट उतरलं नसेल असं वाटलं की माणूस तसं करतो, पान परत परत मागवतो. ती स्वतःला शोधत होती. मेलेली का होईना, पण आईच्या खाली आणि माझ्या वर तिची एक ओळ होती, अप्पांच्या वहीत, आमच्या घरात. पंधरा वर्षं कोणी तिचं नाव काढलं नसेल असं तिला वाटत असणार, आणि दोन गुरुवार तिनं येऊन बघितलं होतं की नाव आहे. तेवढंच बघायला येत होती ती. आणि मी ते काढून टाकलं. अप्पांनी पिंड पाडला तो निदान मुलीचा पाडला होता. मी तर मुलगी कधी नव्हतीच असं करून ठेवलं, दोन पोळ्या जास्त खाऊन. सातव्या ओळीनंतर चार मिनिटांचं अंतर होतं आणि मग शेवटची ओळ. ही शोधयंत्राकडून आलेली. त्यांच्याकडे पानाची जुनी प्रत महिना महिना राहते, म्हणून त्यांनी तिला पुन्हा माझ्याच पानावर पाठवलं होतं. या वेळी टाकलेला शब्द एकच होता. मधुवंती. पान उघडलं आणि त्यात तो शब्द नव्हता. त्यानंतर त्या वाचनालयाची एकही ओळ नाही. त्या दिवशी मी कागदाची घडी केली नाही. तसाच हातात धरून चालत चालत अहिल्याबाई घाटापर्यंत आलो आणि तिथून घरी कसा गेलो ते आठवत नाही. ओळ मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत घातली असती, पण काय घालायचं? मृत म्हणून पुन्हा तिसऱ्यांदा माझ्याच हातानं? जिवंत म्हणून घालायला अजून हात धजेना. असे चार शुक्रवार गेले. मी पट्टी फाडायचो, माझ्याच ओळी मोजायचो.

होळीच्या आधी पंधरा दिवस, दुपारी, ऊन खिडकीतून पलंगावर आलेलं असताना, अप्पांनी मला हाक मारली. ‘‘वासू.’’ नावानं. महिन्याभरात पहिल्यांदा. मी जवळ गेलो. आवाज बारीक होता पण स्वच्छ. ‘‘मधूची नोंद घेतलीस का?’’ लतिका पाण्याचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती तिथेच थांबली. मी म्हटलं, ‘‘हो अप्पा, घेतली.’’ ‘‘वाच.’’ कोनाड्यातून मी शेवटची वही काढली, हाताला आलं ते पान उघडलं. कुठल्या तरी सातारच्या कुटुंबाचं होतं. त्यावर नजर ठेवून मी वाचलं, ‘‘मधुवंती, कन्या विश्वेश्वर करंबेळकर. मुक्काम कॅनडा.’’ माझा आवाज मलाच परका वाटत होता. अप्पा म्हणाले, ‘‘दिवस?’’ ‘‘संक्रांत.’’ ‘‘कोणाच्या सांगण्यावरून?’’ ‘‘स्वतः.’’ अप्पांनी मान हलवली. ‘‘जेवायला ठेवून घ्यायचं,’’ म्हणाले. मग डोळे मिटले, मला वाटलं झोपले. तसंच पडून विचारलं, ‘‘राहिली का?’’ मी म्हटलं, ‘‘हो, राहिली.’’ लतिका तोंडाला पदर लावून आत निघून गेली. आठवड्यानं अप्पा गेले.

बाराव्यानंतर वही काढली. आधी अप्पांची ओळ लिहिली, आणि मग तिच्याखाली, वेणीमाधवदादा समोर बसलेला असताना, अप्पांना वाचून दाखवली होती ती मधूची ओळ शब्दशः लिहिली. दादा बघत होता. अडवलं नाही. दौत माझ्याकडे सरकवली. मग केंद्रात जाऊन दोन्ही ओळी पानावर घातल्या, खाली लतिकानं सांगितलेला मजकूर घातला, फोन नंबर घातला. ये, असं लिहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. जानेवारीतसुद्धा दहाच मिनिटं लागली असती. त्यानंतर कितीतरी शुक्रवार गेले, धुकं गेलं, लूच्या गरम झळा सुरू झाल्या, कूलरच्या आवाजात मी पट्टी फाडतो. त्या वाचनालयाला मी पत्र पाठवलं होतं. त्यांनी सभ्यपणे कळवलं की यंत्रावर कोण बसतं याची ते नोंद ठेवत नाहीत. मेअखेर संचालकांनी त्या महिन्याचा अहवाल मागितला, पाहुणे किती आणि आले कुठून. नमुन्यात रकाने होते, ते मी भरले. करंबेळकर घराणे, वह्या. पाहुणे, एक. कुठून, याच केंद्रातून. त्याच्या पुढच्या रकान्यात, आधीचं पान, मी नुसती रेघ ओढली आणि खाली सही केली.